मळखाऊ रंगाचा राजा

शेवटच्या वर्षाला प्लेसमेंट आणि इंटर्नशिपच्या मुलाखती सुरू झाल्या की प्रत्येक लेडीज होस्टेलमध्ये एक ब्लेझर फिरायला लागतो. आमच्याही होस्टेलमध्ये होता. काळाकुळकुळीत, खांद्यांत जाडजूड पॅड, आतून चकचकीत अस्तर. मूळ मालकीण कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी तो चढवून आरशासमोर उभी राहिले. बाह्या बोटांपर्यंत, खांदे कानांपर्यंत. रूममेटनं पॅडवर टकटक केलं आणि विचारलं, "आत कुणी आहे का?"

दुसऱ्या दिवशी मी कॅम्पात गेले आणि साडेसहाशे रुपयांचं एक जॅकेट घेऊन आले. मऊ, बिनअस्तराचं. रंग धड राखाडी नाही, धड बदामी नाही. कॉलरच्या आत लेबल होतं 'अरमानी'. स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं होतं, त्यामुळे कुणाची फसवणूक होण्याचा प्रश्नच नव्हता. रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, नीट बघितलं आणि निकाल दिला, "बरं आहे. मळखाऊ रंग आहे."

मळखाऊ! आपल्या सगळ्यांच्या लहानपणात हा शब्द आहे. शाळेची पॅन्ट मळखाऊ, प्रवासाची बॅग मळखाऊ, सोफ्याचं कव्हर मळखाऊ. ज्याला कुणी सुंदर म्हणत नाही, पण जो मळ पोटात घेतो आणि रोज धुवावा लागत नाही, असा रंग.

गंमत अशी की, ज्या माणसाचं नाव चुकीच्या स्पेलिंगनं माझ्या कॉलरमध्ये शिवलेलं होतं, त्यानं याच मळखाऊ रंगाच्या जोरावर फॅशनच्या जगात पन्नास वर्षं राज्य केलं. जॉर्जिओ अरमानी. ४ सप्टेंबर २०२५ रोजी मिलानमध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी ते गेले. इटलीत त्यांना 'राजा जॉर्जिओ' म्हणायचे. आणि त्यांच्या रंगाला जगभर एक नाव आहे, ग्रेज.

ना इकडचा, ना तिकडचा

'ग्रे' आणि 'बेज' यांचं मिळून 'ग्रेज'. राखाडीत थोडी वाळू मिसळावी, किंवा चहाच्या दुधात थोडी राख, तसा. आपल्याकडे या रंगाला फारसा मान नाही. नवरात्रात रोज ठरलेला रंग घालायचा असतो ना, त्यात राखाडीचा दिवस आला की कॉलेजचा अख्खा ग्रुप हवालदिल होतो. लाल, पिवळा, हिरवा प्रत्येकीकडे असतो. राखाडी कुणाकडेच नसतो. मग कुणी भावाचा टी-शर्ट घालतं, कुणी आईची जुनी ओढणी गुंडाळतं. एखादीनं तसलाच ड्रेस विकत आणला, तर घरी ठरलेलं वाक्य ऐकावं लागतं, "हा रंग तुला खुलत नाही."

मग अरमानींना त्यात काय दिसलं?

त्यांचा जन्म ११ जुलै १९३४चा, उत्तर इटलीतल्या पियाचेंझा या गावचा. पो नदीचं खोरं, थंडीत दिवसदिवस न हटणारं धुकं, शेजारून वाहणारी त्रेब्बिया नदी आणि तिच्या पात्रातले गोटे नि वाळू. त्या भागातले हिवाळ्यातले फोटो शोधून बघा. आकाश, भिंती, नदीचा काठ, सगळं एकाच कुटुंबातल्या रंगांचं असतं. अरमानींचा पॅलेट तिथलाच वाटतो. धुक्याचा, वाळूचा, दगडाचा, मातीचा.

त्यामागे एक अगदी व्यावहारिक कारणही आहे, आणि ते मला कुठल्या फॅशन रीलमधून नाही, तर आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांकडून कळलं. ते म्हणाले, "काळ्या कापडात चूक लपते. भडक रंगात माणूस रंगच बघत बसतो. पण फिक्या, मातकट रंगात प्रत्येक चुणी दिसते. तिथे कटिंग चुकलं की टेलर उघडा पडला." म्हणजे ग्रेज हा मळ लपवणारा रंग असेल, पण कारागिराची चूक लपवणारा नाही. ज्याला आपल्या कटिंगवर विश्वास आहे, त्यानंच या वाटेला जावं.

भर काढून टाकलेलं जॅकेट

अरमानी काही लहानपणापासून कात्री घेऊन बसलेले नव्हते. बालपण दुसऱ्या महायुद्धात गेलं. पडून राहिलेल्या दारूगोळ्याशी खेळताना झालेल्या स्फोटात ते चांगलेच भाजले होते. पुढे डॉक्टर व्हायचं म्हणून मिलानला वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला आणि तो मध्येच सोडला. (ड्रॉप घेतलेल्या सगळ्यांनी हे वाक्य घरी वाचून दाखवावं.) सैन्यातली सक्तीची नोकरी झाल्यावर १९५७मध्ये ते मिलानच्या 'ला रिनाशेंते' या मोठ्या दुकानात लागले. काम काय, तर काचेमागच्या शोकेस सजवायच्या. नंतर तिथेच पुरुषांच्या कपड्यांच्या खरेदीचं काम आलं.

साठच्या दशकात निनो चेरुती यांनी त्यांना डिझाइनच्या कामावर घेतलं. चेरुती कुटुंबाची बिएला या गावात लोकरी कापडाची जुनी गिरणी होती. म्हणजे अरमानी फॅशन शिकले ते कॉलेजात नाही. आधी गिऱ्हाईक कशासमोर थांबतं ते दुकानात बघितलं आणि मग कापड कसं तयार होतं ते गिरणीवाल्यांच्या सोबतीनं.

सर्जिओ गॅलिओत्ती हा त्यांचा जोडीदार, आयुष्यातला आणि धंद्यातलाही. स्वतःच्या नावानं काहीतरी सुरू कर, हा आग्रह त्याचाच. भांडवलासाठी अरमानींनी आपली फोक्सवॅगन बीटल गाडी विकली, आणि १९७५मध्ये दोघांनी कंपनी काढली. दहाच वर्षांत, १९८५मध्ये, गॅलिओत्ती वारला. तो गेल्यावर अरमानी एकट्यानं कंपनी चालवू शकणार नाहीत, असं अनेकांना वाटलं होतं. त्यांनी ती पुढची चाळीस वर्षं चालवली.

त्या काळातला पुरुषांचा सूट आठवा. नाहीच आठवणार, तर घरातल्या आजोबांच्या लग्नाचा फोटो बघा. खांद्यात पॅड, छातीत बकरम, आत कॅनव्हास, त्यावर अस्तर. सूट काढून खुर्चीवर ठेवला तरी तो स्वतःच्या जोरावर बसून राहील, असा. माणूस बारका असो की स्थूल, वाकलेला असो की ताठ, सूट त्याला एकाच साच्यात घालायचा.

अरमानींनी त्यातलं एकेक काढून टाकलं. पॅड काढले, बकरम काढलं, अस्तर काढलं किंवा अगदी नावापुरतं ठेवलं. बटणं खाली घेतली, लॅपेल खाली उतरवले. जाड सूटिंगच्या जागी लिनन, क्रेप, पूर्वी बायकांच्या कपड्यांत वापरली जाणारी मऊ कापडं आणली. जे जॅकेट उरलं ते अंगावर चिलखतासारखं न बसता शर्टासारखं पडायचं. हात उचलला की वर यायचं, माणूस बसला की सोबत बसायचं. आणि असं हलणारं, सुरकुतणारं जॅकेट शोभून दिसतं ते ग्रेजसारख्या रंगातच, कारण सावली दिसते, घडी दिसते, आतल्या माणसाची हालचाल दिसते. रंग आणि कट ही दोन वेगळी कामं नव्हतीच.

मिनिमलिझम म्हणजे भिंती पांढऱ्या करायच्या आणि टेबलावर एकच कुंडी ठेवायची, असा आपला समज असतो. निदान माझा होता. अरमानींची गोष्ट वाचताना कळलं की कमी करण्याआधी आत काय काय भरलंय हे माहीत असावं लागतं. बकरम कुठे असतं हेच ठाऊक नसेल, तर काढणार काय?

पलंगावर पसरलेले शर्ट

१९८०मध्ये 'अमेरिकन जिगोलो' हा सिनेमा आला. त्यात रिचर्ड गिअर आपले शर्ट, टाय, जॅकेटं पलंगावर मांडून जोड्या लावत बसतो. आज 'गेट रेडी विथ मी' नावाचे जे असंख्य व्हिडिओ आपण बघतो, त्यांचा हा आजोबाच म्हणायचा. कपडे अरमानींचे होते. सिनेमा चालला आणि अमेरिकेला त्या जॅकेटचं वेड लागलं. १९८२मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर अरमानी झळकले.

पण मला जास्त भावतं ते त्याआधीचं एक दृश्य. १९७८चा ऑस्कर सोहळा. 'अ‍ॅनी हॉल'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार घ्यायला डायन कीटन स्टेजवर गेली ती झगमगीत गाऊन घालून नाही, तर अरमानींचं जॅकेट घालून. तो काळ असा होता की पाश्चात्त्य देशांत बायका मोठ्या संख्येनं ऑफिसात, बँकांत, कोर्टात कामाला लागल्या होत्या आणि काय घालून जायचं हा खरा प्रश्न होता. फ्रिलचा ड्रेस घातला तर कुणी गांभीर्यानं घेत नाही. पुरुषाचा सूट घातला तर 'आत कुणी आहे का?' अशी अवस्था. अरमानींनी पुरुषांच्या जॅकेटातली भर काढली आणि तेच जॅकेट बायकांच्या अंगावर बसवलं. मुलाखतीला जाताना, मीटिंगला जाताना ओढणी सांभाळायला नको, पोट आत घ्यायला नको, नुसतं बोलायचं. पुढे ऐंशीच्या दशकात 'पॉवर ड्रेसिंग' नावानं जे गाजलं, त्यात अरमानींचा हा मऊ जॅकेटाचा वाटा मोठा होता.

स्वतः अरमानी मात्र ग्रेजमध्ये फारसे दिसायचे नाहीत. त्यांचा युनिफॉर्म ठरलेला होता. गडद निळा टी-शर्ट किंवा स्वेटर, तशीच पॅन्ट, पांढरे स्नीकर्स. शो संपला की त्याच कपड्यांत रॅम्पवर येऊन हात हलवायचे. जगाला रंग देणाऱ्या माणसानं सकाळी कपाटासमोर विचार करण्यातला वेळ वाचवला होता.

आमच्या गावचा 'ग्रे'

आता मी जरा माझ्या गावाला जाते. उगाच नाही, या रंगाचा रस्ता तिथूनही जातो.

मी इचलकरंजीची. आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला आणि तेव्हापासून गावाला झोप नाही. 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' वगैरे पुस्तकात लिहितात. आम्ही नुसतं 'खटखट' म्हणतो. माझे बाबा जॉबर आहेत. म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा, सुरात आणणारा माणूस. आई कित्येक वर्षं कांड्या भरायला जायची. शेडमधून जे कापड निघतं ते न धुतलेलं, न रंगवलेलं, सुताच्या मूळ रंगाचं असतं. थोडं पिवळट, थोडं मातकट, मध्येच सरकीचा एखादा काळा ठिपका. त्याला खळीचा वास असतो. त्याचे तागे घडी होऊन प्रोसेसला बाहेर जातात. तिथे ते धुतलं जातं, रंगतं, छापलं जातं आणि कुणाच्या तरी कुर्त्याचं किंवा चादरीचं कापड होतं.

या न रंगवलेल्या कापडाला आमच्याकडे काय म्हणतात? 'ग्रे'. दिवसाला इतके मीटर ग्रे निघालं, ग्रेचा भाव पडला, ग्रे गोडाउनला पडून आहे. लहानपणी मला वाटायचं, हे तर राखाडी नाहीच, मग ग्रे का म्हणतात? बाबांना विचारलं तर म्हणाले, "म्हणतात म्हणून म्हणतात."

या लेखासाठी वाचताना उत्तर सापडलं. वस्त्रोद्योगात कोऱ्या, प्रक्रिया न झालेल्या कापडाला जगभर 'ग्रेज' असाच शब्द आहे. तो फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये इटालियन 'ग्रेज्जो' या शब्दावरून. त्याचा अर्थ कच्चा, मूळ स्थितीतला. 'बेज' हा शब्दसुद्धा फ्रेंचमध्ये मुळात न रंगवलेल्या लोकरीसाठी होता. इंग्रजीतून फिरत फिरत आमच्या शेडपर्यंत येताना ग्रेजचा 'ग्रे' झाला. म्हणजे मिलानच्या रॅम्पवर जो रंग लक्झरी म्हणून चालत होता, त्याचं नाव आणि आमच्या गोडाउनमध्ये पडून राहणाऱ्या कापडाचं नाव, दोन्ही एकच.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. कारण मला त्या कापडाची लाज वाटायची. शेडमधून कधी थोडं डागी कापड स्वस्तात मिळायचं आणि आई त्याच्या उशांच्या खोळी, पेटीकोट, एकदा तर मला शाळेच्या गॅदरिंगसाठी झबलं शिवायची. सगळ्या मुली टिकल्यांच्या फ्रॉकमध्ये आणि मी खळीच्या वासाच्या कोऱ्या कापडात. पुण्यात कॉलेजला आल्यावर कुणी विचारलं, "बाबा काय करतात?" तर माझं उत्तर तयार असायचं, "टेक्स्टाइलमध्ये आहेत." खोटं काहीच नव्हतं त्यात. मळखाऊ उत्तर होतं, एवढंच.

आणि मळ?

दिवाळीत घरी गेले तेव्हा ते साडेसहाशेचं जॅकेट बाबांना दाखवलं. बाबांनी आधी ते उलटं केलं. कापडाच्या धंद्यातला माणूस कुठलीही वस्तू आधी मागून बघतो. शिवण बघितली, कापड चिमटीत घेऊन चोळलं, म्हणाले, "पॉलिस्टर मिक्स आहे. शिवण बरी आहे." मग थोडं थांबून, "साडेसहाशेत दुकानदाराचं सुटलं, आणणाऱ्याचं सुटलं, कापडवाल्याचं सुटलं. शिवणाऱ्याला काय राहिलं असेल?"

मला वाटलं, स्वस्तातल्या मालाचीच ही गोष्ट असणार. नाही.

एप्रिल २०२४मध्ये मिलानच्या न्यायालयानं अरमानी समूहातली 'जॉर्जिओ अरमानी ऑपरेशन्स' ही कंपनी न्यायालयीन देखरेखीखाली आणली. कारण असं की, पुरवठादारांनी काम पुढे उपकंत्राटावर दिलं होतं, आणि मिलानच्या आसपासच्या त्या छोट्या कारखान्यांत, चिनी मालकांच्या हाताखाली, कामगारांची पिळवणूक होत असल्याचं तपासात पुढे आलं. कंपनीनं स्वतः ते केलं असा ठपका नव्हता. आपल्या साखळीत खाली काय चाललंय यावर तिनं पुरेसं लक्ष ठेवलं नाही, असा होता. कंपनीनं सुधारणा केल्या आणि फेब्रुवारी २०२५मध्ये ही देखरेख मुदतीआधी उठवली गेली. पण ऑगस्ट २०२५मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकानं समूहातल्या कंपन्यांना ३५ लाख युरोंचा दंड केला. सामाजिक जबाबदारीबद्दलचे त्यांचे दावे ग्राहकांची दिशाभूल करणारे आहेत, असं नियामकाचं म्हणणं होतं. कंपनीनं ते अमान्य करून दाद मागणार असल्याचं जाहीर केलं. आणि यात अरमानी एकटे नव्हते, तशाच चौकशीत इतर बड्या ब्रँडची नावंही आली.

हे इथे लिहावं की नाही, यावर मी अडखळले होते. गेलेल्या माणसाबद्दलचा लेख आहे, वर त्याच्या कामावर माझा जीव जडलेला. पण मग वारसा म्हणजे नेमकं काय? नुसता रंग आणि जॅकेट घ्यायचं आणि बाकीचं अस्तराखाली सरकवायचं? ज्या माणसानं आयुष्यभर अस्तर काढून टाकण्याचं काम केलं, त्याच्या बाबतीत तर ते फारच विसंगत होईल.

आजकाल 'क्वाएट लक्झरी' आणि 'ओल्ड मनी लुक'चे रील आपण सगळेच बघतो. लोगो नाही, चमक नाही, सगळं बेज, ग्रेज, क्रीम. त्या शांत रंगात एक सोय आहे. तो बघून मनात येतं, इथे सगळं सभ्यच असणार, निवांत, कोपऱ्यातल्या छान कारखान्यात म्हातारे कारागीर टाके घालत असणार. भडक लोगोच्या टी-शर्टवर आपण शंका घेतो, ग्रेज कोटावर घेत नाही. मळखाऊ रंगाचं हेच काम असतं ना? मळ असतोच, दिसत नाही इतकंच.

शेवटचा शो

२०२५ हे कंपनीचं पन्नासावं वर्ष होतं. प्रकृतीमुळे जूनमधल्या शोला अरमानी पहिल्यांदाच हजर राहू शकले नाहीत, पण काम चालू होतं. मिलानच्या 'पिनाकोतेका दी ब्रेरा' या कलासंग्रहालयात त्यांच्या पन्नास वर्षांच्या कामाचं प्रदर्शन ठरलं होतं. शतकांपूर्वीच्या चित्रांच्या शेजारी १२० पोशाख मांडायचे. ते सुरू होण्याच्या काही दिवस आधीच ते गेले. त्यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी मिलान शहरानं दुखवटा पाळला. अंत्यविधी मात्र जन्मगावाजवळच्या, त्रेब्बियाच्या काठावरच्या रिव्हाल्ता या छोट्या गावात, मोजक्या लोकांत झाला.

२८ सप्टेंबरच्या रात्री त्याच ब्रेराच्या चौकात, कंदिलांच्या उजेडात, त्यांनी तयार केलेलं शेवटचं कलेक्शन सादर झालं. लुडोव्हिको इनाऊदी पियानो वाजवत होते. व्हिडिओ यूट्यूबवर आहे, जरूर बघा. कपडे सुरू होतात ते धुक्याच्या, वाळूच्या रंगांनी. पाच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२०मध्ये, कोविडची चाहूल लागल्यावर याच माणसानं पाहुण्यांना घरी थांबवून रिकाम्या सभागृहात शो केला होता, आणि त्यानंतर एका खुल्या पत्रात फॅशनच्या धंद्यानं आता वेग कमी करावा, असं बजावलं होतं. तेव्हा अनेकांनी माना डोलावल्या. वेग काही कमी झाला नाही.

आता पुढे काय? कंपनीची मालकी त्यांनी आयुष्यभर कुणाला दिली नव्हती, ना शेअर बाजारात उतरले, ना कुठल्या बड्या समूहात गेले. मृत्युपत्रात मात्र त्यांनी लिहून ठेवलंय की १५ टक्के हिस्सा दीड वर्षाच्या आत विकावा, आणि त्यासाठी एलव्हीएमएच, लोरियाल, एसिलॉरलक्सोटिका किंवा त्याच तोडीच्या समूहाला प्राधान्य द्यावं. पुढे आणखी मोठा हिस्सा द्यायचा. मात्र त्यांच्या नावाची फाउंडेशन कायम राहील, तिच्याकडे किमान ३० टक्के हिस्सा असेल आणि त्यांच्या तत्त्वांवर ती नजर ठेवेल. शोकेस सजवण्यापासून सुरुवात केलेल्या माणसानं दुकान बंद करतानाची मांडणीही स्वतःच करून ठेवली.

राहता राहिला तो रंग. तो काही मृत्युपत्रात नाही. तो कुणाचाच नव्हता आणि सगळ्यांचा होता, बिएलाच्या लोकरीचा, त्रेब्बियाच्या वाळूचा, आमच्या शेडमधल्या ताग्याचा. अरमानींनी एवढंच केलं, की आपण ज्याला 'अजून रंगवायचंय' म्हणून बाजूला ठेवतो, ते तसंच अंगावर घालून दाखवलं.

माझ्या इंटर्नशिपची मुलाखत ते साडेसहाशेचं जॅकेट घालून झाली. समोरच्या मॅडमनी सगळे ठरलेले प्रश्न विचारले आणि शेवटी सहज म्हणाल्या, "इचलकरंजीच्या का? घरी कोण कोण असतं, काय करतात?" तोंडावर आलेलं 'टेक्स्टाइलमध्ये' मी गिळलं आणि म्हटलं, "बाबा जॉबर आहेत, माग दुरुस्त करतात. आई कांड्या भरायची." मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कांड्या म्हणजे काय?"

पुढची दहा मिनिटं मीच बोलत होते.

या वेळी गावाहून येताना बाबांकडून तीन मीटर ग्रे मागून आणलंय. पुण्यात एक टेलर शोधलाय, बिनअस्तराचं जॅकेट शिवणारा. कापड पाण्यातून काढून खळ घालवायची, बाकी रंग नाही, काही नाही. टेलरनं शिलाई सांगितली तेव्हा सवयीनं घासाघीस करायला तोंड उघडलं होतं. मग बाबांचा प्रश्न आठवला आणि सांगितले तेवढे पैसे दिले.

आईला अजून दाखवलेलं नाही. काय म्हणणार, ते ठाऊक आहे.